गजभिये काकांचे दोन पॉइंट

“मित्रा, मला दोन पॉइंट लागले बाप्पा. इन्शुरन्सवाल्यांना कळवायचं कसं? फोन करू का पत्र टाकू?”

फोन गजभिये काकांचा होता. मित्रा हे माझं नाव. जुलै संपत आला होता आणि मी डेस्कवर बसून कुणाच्या तरी गारपिटीने पोचे पडलेल्या बॉनेटचे फोटो अपलोड करत होते. मला हसू आलं. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात मी पंधरा वर्षं इन्शुरन्स एजंटचं काम करते. ‘टिकीट मिळालंय, कंपनीला कळणार नाही ना?’ असं विचारणारे फोन मला दर आठवड्याला येतात. ‘कळवायचं कसं?’ असं विचारणारा हा पहिलाच.

“काका, एवढी घाई नाही,” मी म्हटलं आणि माझं नेहमीचं भाषण सुरू केलं.

ते भाषण तुम्हालाही ऐकवते, म्हणजे पुढचं समजेल. इथे ठरलेल्या वेगापेक्षा जोरात गाडी चालवताना सापडलात की पोलीस टिकीट देतो. टिकीट म्हणजे दंडाचा कागद. कोर्टाने ते कायम केलं की राज्य सरकार तुमच्या ड्रायव्हिंग रेकॉर्डवर पॉइंट चढवतं. शाळेतल्या मार्कांच्या बरोबर उलट. जितके जास्त, तितकी नाचक्की. इन्शुरन्स कंपनी सरकारचे पॉइंट जसेच्या तसे धरत नाही, तिचा स्वतःचा तक्ता असतो. पण रेकॉर्ड ती सरकारकडूनच मागवते. गाडीची पॉलिसी बहुतेकदा सहा महिन्यांची असते. रिन्यूअलच्या वेळी कंपनी रेकॉर्ड बघते आणि टिकीट दिसलं तर प्रीमियम वाढवते. मध्येच आपण होऊन फोन करून सांगायची सक्ती सहसा नसते.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनियर होते. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. मूळचे नागपूरचे. चाळीस वर्षं अमेरिकेत राहूनही बोलण्यातलं नागपूर तसूभर कमी झालेलं नाही.

“म्हणजे सांगितलं नाही तरी चालते?”

“चालतं. पण तुम्हाला झालं काय? तुम्ही तर हायवेवरसुद्धा हळू गाड्यांची उजवी लेन सोडत नाही.”

“शीलाची थेरपी होती. उशीर होऊन राहिला होता. पस्तीसच्या रस्त्यावर पंचेचाळीसने गेलो. पोलिसाची काही चूक नाही.”

शीलाकाकूंना आदल्या हिवाळ्यात स्ट्रोक झाला होता. उजवा हात आणि पाय अजून पुरता ताब्यात आलेला नव्हता. आठवड्यातून तीनदा काका त्यांना थेरपीला नेत.

पुढची हकिगत अशी. काकांनी दंड भरून विषय संपवला नाही. कोर्टात हिअरिंग मागितलं. मे महिन्यात मॅजिस्ट्रेटसमोर उभे राहिले आणि चूक कबूल केली.

“कबूलच करायचं होतं तर हिअरिंग कशाला, काका?”

“माफी मागायला. ती काय पोस्टाने मागणार?”

नंतर राज्याकडून एक पत्र आलं. असं पत्र पात्र लोकांना येतं. ठरलेल्या मुदतीत एक छोटा ऑनलाइन कोर्स केला की पॉइंट लागत नाहीत. काकांना वाटलं, कोर्स विकणाऱ्यांची जाहिरात असेल. त्यांनी ते रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं. परवा ते काकूंसाठी अपंगांच्या पार्किंगची पाटी घ्यायला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात गेले, म्हणजे इथलं आरटीओ म्हणा, तिथे त्यांनी आपण होऊन स्वतःचं रेकॉर्ड छापून घेतलं. त्यावर दोन पॉइंट.

“टिकीट कुठल्या तारखेचं?” मी सहज विचारलं. फाइलमध्ये नोट टाकायला तारीख लागते.

“आपल्या जयंतीच्या कार्यक्रमाआधीचं. पंधरा दिवस आधीचं म्हण.”

माझा कीबोर्डवरचा हात थांबला. “काका, मी बघते आणि कळवते,” एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

काकांची पॉलिसी मी जयंतीच्या कार्यक्रमातच काढली होती.

दरवर्षी एप्रिलमध्ये आम्ही मंडळी एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जयंती करतो. नागपूर, नांदेड, औरंगाबाद, मुंबई, सगळीकडचे लोक. मी नांदेडची. बुद्धवंदना होते, पोरांची भाषणं होतात, मग जेवण. त्या वर्षी मुख्य भाषण काकांचं होतं. शिक्षणावर बोलले आणि फार सुंदर बोलले. जेवण झाल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “माझ्या जुन्या कंपनीने प्रीमियम फार वाढवला बाप्पा. तुझ्याकडे काही आहे का?”

माझ्याकडे होतं. टॅबलेटही पर्समध्येच होता. हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसून मी अर्ज भरला. गाडी कुठली, वर्षाला किती मैल, घरात गाडी चालवणारं आणखी कोण. सगळ्यात वरचं मेडिकल कव्हरेज घ्या, असं त्यांना आग्रहाने सांगितलं. तेवढं एक काम मी त्या पायऱ्यांवर बरोबर केलं.

मग प्रश्नांचं पान आलं. गेल्या तीन वर्षांत तुम्हाला कुठलं ट्रॅफिक टिकीट मिळालं आहे का, कोर्टात निकाल बाकी असलेलं धरून? दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा? लायसन्स कधी सस्पेंड झालं? इन्शुरन्सच्या कुठल्या फसवणुकीत नाव?

मी काकांकडे बघितलं. पांढरा शर्ट, छातीवर निळी रिबीन. तासाभरापूर्वी अख्खा हॉल त्यांच्यासाठी उभा राहिला होता. या माणसाला मी विचारू, की काका, तुम्ही दारू पिऊन गाडी चालवता का? माझी जीभच उचलली नाही. मी चारही प्रश्नांना ‘नो’ टिक केलं आणि टॅबलेट पुढे केला.

“सही करा काका. एकदा वाचून घ्या.”

“तू भरलं ना? मंग काय वाचायचं!”

त्यांनी बोटाने सही केली. मी न विचारता टिक केली, त्यांनी न वाचता सही केली. आपल्यात याला विश्वास म्हणतात. माझ्या धंद्यात याला मटेरियल मिसरिप्रेझेंटेशन म्हणतात, म्हणजे विमा घेताना महत्त्वाची गोष्ट खोटी सांगणं.

कंपनीने तेव्हा रेकॉर्ड मागवलं होतं. ते स्वच्छ आलं, कारण हिअरिंग व्हायचं होतं आणि टिकीट अजून रेकॉर्डवर चढलंच नव्हतं. आता चढलं होतं. त्यावरची तारीख पॉलिसीच्या आधीची होती.

याचा परिणाम काय होऊ शकतो, तेही सांगते. पॉलिसी कॅन्सल होणं वेगळं. कॅन्सल म्हणजे आजपासून बंद. पण अर्ज खोटा निघाला तर कंपनी पॉलिसी रिसिंड करू शकते. रिसिंड म्हणजे ती पॉलिसी कधी अस्तित्वातच नव्हती. पैसे परत देतात आणि हात झटकतात. मधल्या काळात अपघात झाला असेल तर तो तुमचा तुम्ही निस्तरायचा. मिशिगनमध्ये विमा नसलेल्या गाडीच्या मालकाला तर अपघातानंतर दवाखान्याच्या खर्चाचं विम्याचं संरक्षणही मिळत नाही. काका गेले तीन महिने अशा पॉलिसीवर आठवड्यातून तीनदा आजारी बायकोला घेऊन फिरत होते. आणि त्यांची जुनी, धडधाकट पॉलिसी माझ्या भरवशावरच सुटली होती.

आता खरं सांगते. मी त्या दिवशी कुणालाच काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनाशी हिशेब मांडत बसले. ऑक्टोबरच्या शेवटी रिन्यूअल. कंप्युटर रेकॉर्ड मागवेल, टिकीट दिसेल, प्रीमियम वाढेल. टिकिटाची तारीख आणि अर्जाची तारीख शेजारी शेजारी ठेवून कोण बघतंय? बहुधा कुणीच नाही. अपघात झाला तरच क्लेमवाले जुने अर्ज काढून वाचतात. आणि काका पस्तीसच्या रस्त्यावर एकदा पंचेचाळीसने गेलेला माणूस, त्यांना कशाला अपघात होतोय! झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी नोकरी शाबूत, काकांना मनस्ताप नाही. हे मी मलाच इतक्या वेळा सांगितलं, की तिसऱ्या दिवशी सकाळी मला ते जवळजवळ पटलं होतं.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता काका ऑफिसात हजर. हातात फाइल. टिकीट, कोर्टाचा कागद, छापलेलं रेकॉर्ड, तारखेप्रमाणे लावलेलं.

“तू कळवते म्हणाली, कळवलं नाही. म्हटलं, आपणच जावं.” ते समोरच्या खुर्चीत बसले. “पोरी, मी सही केली तो अर्ज दाखव बरं. मला एक शंका येऊन राहिली.”

क्वालिटीचा माणूस. तीन दिवस त्यांच्याही डोक्यात तेच चाललं होतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी चष्मा बदलला आणि सगळा अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. एप्रिलमध्ये वाचायचा राहिलेला. प्रश्नांच्या पानावर थांबले.

“हे ‘नो’ मी म्हटलं?”

“नाही काका. मी विचारलंच नाही.”

“काहून?”

“तुम्हाला कसं विचारणार? मला लाज वाटली.”

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मला वाटलं, आता रागावतील. रागावायला हवंच होतं. मी त्यांच्या जागी असते तर आवाज चढवला असता.

“सही तर माझी आहे,” ते म्हणाले. “रोज सकाळी चौथं शील म्हणतो, खोटं बोलणार नाही म्हणून. अन् खाली माझी सही. आता सांग, हे दुरुस्त कसं करायचं?”

“काका, एकदा कळवलं की काय होईल ते माझ्या हातात नाही. पॉलिसी जाऊ शकते. तुमच्या वयात, रिसिंड झालेली पॉलिसी मागे असताना दुसरी मिळणं अवघड आहे. मिळाली तरी महाग. काकूंची थेरपी…”

“अन् नाही कळवलं तर?”

मी स्क्रीन पुन्हा माझ्याकडे वळवली.

“मंग कळवू,” ते म्हणाले.

आमच्या एजन्सीची मालकीण डेब. साठीची, इथेच वाढलेली, कमी बोलणारी. तिच्या केबिनमध्ये आम्ही दोघं गेलो. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डेबने मध्ये फक्त दोन प्रश्न विचारले.

“तू त्यांना तो प्रश्न वाचून दाखवलास?”

“नाही.”

“आज कळलं की आधीच माहीत होतं?”

“तीन दिवस झाले.”

तिने पेन खाली ठेवलं. “मित्रा, पहिली चूक मी समजू शकते. तीन दिवस मी समजू शकत नाही.”

काका तिथेच बसलेले होते, त्यामुळे जास्तच लागलं. डेबने त्यांना स्पष्ट सांगितलं, “कंपनी काय करेल याची मी खात्री देत नाही. वाईटात वाईट म्हणजे पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द. आमच्या चुकीसाठी आमचाही विमा असतो, एजंटच्या चुकांचा. त्यांनाही मी आजच फोन करणार आहे. तुम्ही वकिलाशी बोलू शकता. तो तुमचा हक्क आहे.”

काकांनी एकच विचारलं, “हिची नोकरी जाईल का?”

“तो माझा प्रश्न आहे,” डेब म्हणाली. “तुम्ही तुमच्या पॉलिसीची काळजी करा.”

त्याच दुपारी आम्ही कंपनीच्या अंडररायटरला कळवलं. एजंट विमा विकतो. तो द्यायचा की नाही, हे अंडररायटर ठरवतो. आमचा अंडररायटर कर्ट नावाचा. दहा वर्षांत मी त्याला प्रत्यक्ष कधी बघितलेलं नाही, पण त्याच्या ईमेलची मला कायम धास्ती. दोन ओळींच्या वर लिहीत नाही. त्याने लिहिलं, ‘दोघांचीही लेखी स्टेटमेंट पाठवा. वेगवेगळी. एकमेकांना दाखवू नका.’

मी माझं लिहिलं. कुठे बसून अर्ज भरला, काय विचारलं, काय विचारलं नाही, आणि का. ‘का’ लिहिताना सगळ्यात जास्त वेळ गेला. अमेरिकन माणसाला भीड कशी समजावणार? शेवटी सरळ लिहिलं, की माझ्या समाजात मोठ्या माणसाला असा प्रश्न विचारणं अपमान वाटतं, म्हणून मी उत्तर गृहीत धरलं. चूक माझी. ते तीन दिवसही लिहिले.

मग वाट बघणं सुरू झालं. निर्णय होईपर्यंत पॉलिसी कागदोपत्री चालू होती, पण काकांनी गाडी गराजमधून काढली नाही. “जिचा भरवसा नाही ती घेऊन शीलाला कशाला बसवू?” म्हणाले. जयंतीच्या मंडळातल्या लोकांनी थेरपीच्या फेऱ्या वाटून घेतल्या. कुणी का म्हणून विचारलं नाही. एक जण मुद्दाम वर्क फ्रॉम होम घेऊन येत असे. दोन फेऱ्या मीही घेतल्या.

पहिल्याच फेरीत काकूंनी मला गाठलं. त्या सावकाश बोलतात, पण एकही शब्द वाया घालवत नाहीत.

“तू विचारलं असतं ना, तर यांनी सगळं सांगितलं असतं. पोलिसाचं नावसुद्धा.”

“माहीत आहे काकू. माझंच चुकलं.”

“चाळीस वर्षं हेच आहे. कुणी विचारलं की हे सांगतात. म्हणून लोक यांना काही विचारतच नाहीत.” त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. “रडू नको. सिग्नल बघ.”

दहाव्या दिवशी कर्टचा ईमेल आला नाही. फोन आला. मी डेबला खूण केली आणि स्पीकरवर टाकला.

“तुमची दोन स्टेटमेंट जुळत नाहीत,” कर्ट म्हणाला.

मी फोनजवळ सरकले. “काय जुळत नाही?”

“तू म्हणतेस चूक तुझी. मिस्टर गजभिये म्हणतात चूक त्यांची. त्यांनी तीन पानं लिहिली आहेत. न वाचता सही करणं हा इन्स्पेक्शनचा फेल्युअर आहे, असं म्हणतात. पुन्हा होऊ नये म्हणून स्वतः काय करणार, तेही लिहिलंय. मुद्द्यांना नंबर दिलेत.”

डेबने तोंडावर हात धरला. ती हसतेय हे मला आधी कळलंच नाही.

“माझ्याकडे अशी प्रकरणं येतात तेव्हा ग्राहक एजंटकडे बोट दाखवतो आणि एजंट ग्राहकाकडे,” कर्ट पुढे म्हणाला. “आता मी कुणाचं खरं धरू?”

“दोघांचंही,” डेब म्हणाली.

कर्टने निर्णय सांगितला. टिकीट आधी कळलं असतं तरी कंपनीने काकांना विमा दिलाच असता, फक्त थोड्या वरच्या दराने. लपवायचा हेतू दिसत नाही. शिवाय रिन्यूअलची किंवा अपघाताची वाट न बघता त्यांनी आपण होऊन सांगितलं. त्यामुळे पॉलिसी पहिल्या दिवसापासून कायम. टिकीट पहिल्या दिवसापासून नोंदलं जाईल आणि वाढीव प्रीमियम मागच्या तारखेपासून भरावा लागेल. सगळं फाइलमध्ये नोट करून ठेवतो. आणि एजंटला लेखी ताकीद.

ते ताकीदपत्र माझ्या पर्सनल फाइलमध्ये आजही आहे. मला त्याचं काही वाटत नाही, असं म्हणणार नाही. पण त्या दिवशी ते वाचताना मला आधी सुटल्यासारखं झालं आणि मग ओशाळल्यासारखं. डेबने स्वतःचाही नियम काढला. ऑफिसबाहेर कुणीही अर्ज भरायचा नाही, आणि प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायचा. नोकरीबद्दल ती काहीच बोलली नाही. सोमवारी माझ्या डेस्कवर नेहमीसारख्या नव्या फाइली ठेवलेल्या होत्या. तिची बोलायची हीच पद्धत. मी तिची आजन्म ऋणी आहे.

काकांनी वाढीव प्रीमियम भरला आणि गाडी गराजमधून काढली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी, लख्ख उन्हात, सकाळी अकराच्या सुमाराला, थेरपीहून परत येताना बिग बीव्हर रोडवरच्या चौकात एका पिकअप ट्रकवाल्याने लाल सिग्नल तोडला. ट्रक सरळ काकूंच्या दारावर आला. काका हिरव्या सिग्नलवर, अगदी ठरलेल्या वेगात होते. काकांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. काकूंचं कंबरेचं हाड आणि खांदा, दोन्ही मोडले. तेही आधीच दुबळ्या असलेल्या उजव्या बाजूचे.

मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा त्यांना ऑपरेशनला नेलं होतं. काका कॉरिडॉरमध्ये बसलेले. शर्टवर रक्ताचे डाग होते, काकूंच्या कपाळाच्या जखमेचे. मला बघून म्हणाले, “मी नीट चालवत होतो, मित्रा.” एवढंच. तीनदा म्हणाले. मी त्यांचा हात धरून बसले.

मिशिगनमध्ये नो-फॉल्ट पद्धत आहे. अपघातात चूक कुणाचीही असो, तुमच्या उपचारांचा खर्च तुमचीच गाडीची कंपनी उचलते. ऑपरेशन, मग रिहॅब सेंटरमध्ये अनेक आठवडे, घरी मदतीला नर्स, बाथरूममध्ये बसवायचे आधार. हे सगळं त्या एका पॉलिसीवर उभं होतं. आणि रिन्यूअल अजून झालेलं नव्हतं. म्हणजे चालू होती ती तीच पॉलिसी, पायऱ्यांवर बसून काढलेली.

आठवड्याने मला क्लेम ॲडजस्टरचा फोन आला. अपघातानंतर किती आणि कशासाठी द्यायचं हे ॲडजस्टर बघते. बाई नवीन होती, मला ओळखत नव्हती.

“मोठा क्लेम आहे, म्हणून मी मूळ अर्ज काढला,” ती म्हणाली. “अर्जात टिकीट नाही असं लिहिलंय आणि रेकॉर्डवर त्याच्या आधीचं टिकीट आहे.”

“हो,” मी म्हटलं.

“मग खाली अंडररायटरची ऑगस्टमधली नोट दिसली. दोन स्टेटमेंट जोडलेली. त्यातलं एक तीन पानांचं.”

“हो.”

“मग माझं काम संपलं. मी क्लेम पुढे पाठवलाय. रिहॅब सेंटरला आजच कळवते. तुम्हाला फोन एवढ्यासाठी, की घरातल्या आधारांची यादी लागेल.”

माझ्याने राहवलं नाही. “ती नोट नसती तर?”

“तर ही फाइल माझ्या टेबलावर राहिली नसती. दुसऱ्या डिपार्टमेंटला गेली असती. तिथून परत आलेल्या फार थोड्या बघितल्यात मी.”

मी फोन ठेवला, रेस्टरूममध्ये गेले आणि मनसोक्त रडले. पंधरा वर्षांत ऑफिसात पहिल्यांदा. भीतीने नाही. ती टळून गेली होती. त्या तिसऱ्या सकाळी काका फाइल घेऊन आले नसते, तर मी गप्प बसणार होते. मला पक्कं माहीत आहे, मी गप्प बसले असते. एका म्हाताऱ्या माणसाने आपली पॉलिसी डावाला लावली आणि मला माझ्यापासून वाचवलं. आणि स्वतःच्या बायकोलाही, हे तेव्हा त्याला ठाऊकही नव्हतं.

शनिवारी मी मऊ खिचडी आणि कढी घेऊन रिहॅब सेंटरला गेले. काकू उशांना टेकून बसल्या होत्या. काका त्यांच्या शेजारी कंपनीचं पत्र वाचत होते, पेन्सिलने खुणा करत. मी डबा ठेवला आणि घरून ठरवून आले होते ते बोलले.

“काका, तुमचे आभार मानायचे राहिलेत. तुम्ही त्या दिवशी ऑफिसात आला नसता तर मी काही कळवलं नसतं. मी तुम्हाला फसवलंच असतं.”

काकांनी पत्रावरून मान वर केली. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“प्रीमियम माझा वाढला,” ते म्हणाले, “अन् थँक यू तू म्हणून राहिली.”

काकू हसल्या आणि लगेच कळवळल्या. “हसवू नका हो. खांदा दुखतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “डबा उघड. इथलं जेवण म्हणजे शिक्षा आहे.”

काकू मार्चमध्ये घरी आल्या. काठी घेऊन चालतात. थेरपी अजून चालू आहे आणि काकाच नेतात.

या सगळ्यातून मी शिकले ते फार मोठं नाही. परक्या माणसाला मी सगळे प्रश्न नेहमीच विचारत होते. त्याचं नुकसान माझ्याकडून कधी झालं नाही. ज्याच्याबद्दल आदर होता, नेमका त्यालाच विचारलं नाही. आता समोर कुणीही असो, चारही प्रश्न शब्दन् शब्द मोठ्याने वाचते आणि उत्तर ऐकल्याशिवाय टिक करत नाही.

गेल्या महिन्यात विहाराच्या व्हॅनचा विमा होता. व्हॅन विहारातले भिक्खू, आमचे भन्तेजी, स्वतः चालवतात. डेबच्या नियमाप्रमाणे ते ऑफिसात आले, चीवर सावरत माझ्यासमोर बसले. मी वाकून वंदन केलं. मग खुर्चीत बसले, घसा साफ केला आणि विचारलं, “भन्ते, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल आपल्याला कधी शिक्षा झाली आहे का?”

पलीकडच्या टेबलावर कुणाच्या तरी हातातलं पेन पडलं. भन्तेजी शांतपणे “नाही” म्हणाले. मी टिक केलं आणि पुढचा प्रश्न वाचला. गेल्या तीन वर्षांत ट्रॅफिकचं कुठलं टिकीट?

भन्तेजींनी डोळे मिटून क्षणभर विचार केला.

“एक आहे,” ते म्हणाले. “स्पीडिंगचं. ओहायोमध्ये.”